सुरगाण्याची पेटी कोणी भरली

मंगलताई निकम यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी दोन पाने लिहावीत, असे संपादक मंडळाने सुचवले तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. लस भांडारात मी अकरा वर्षे त्यांच्या शेजारच्या टेबलावर काम केले, तेव्हा मला पुष्कळ माहीत असणार असा मंडळाचा समज होता. माहीत आहेच. पण त्यातली पहिली गोष्ट अशी की मला मंगलताईंचा हेवा वाटतो, आणि तो काही कालपरवाचा नाही.

त्या औषधनिर्माण अधिकारी म्हणून द्वारका चौकाजवळच्या आमच्या भांडारात रुजू झाल्या, तेव्हा थंडाव्याचे सगळे खाते माझ्याकडे होते. लस कारखान्यातून निघून बाळाच्या मांडीत टोचली जाईपर्यंत दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे. या सगळ्या सांभाळाला शीतसाखळी म्हणतात आणि तिचा मी तंत्रज्ञ. फ्रीज उघडून आत तळहात धरला की मी तापमान सांगत असे. डॉक्टरमंडळी पाहुण्यांना मुद्दाम हे दाखवायला आणत. पहिल्याच दिवशी मी ताईंसमोर हात धरला आणि म्हणालो, “चार.” त्यांनी कौतुकाने मान हलवली, वाकून तापमापी पाहिली आणि नोंदवहीत साडेपाच लिहिले. माझ्या हाताबद्दल त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर भांडता तरी आले असते.

मंगलताईंची कामाची रीत अशीच होती. जे दिसले ते लिहायचे. सकाळ-संध्याकाळ नोंदवहीत सवयीने चार-चार लिहिण्याची आमची जुनी चाल त्यांनी कोणालाही न रागावता बंद पाडली. मग त्यांना प्रश्न पडला की भांडारातले तापमान कळते, पण लस गाडीत असताना काय होते? त्यासाठी त्यांनी वर्षभर पत्रव्यवहार करून चाचणीपुरते काही सेन्सर मिळवले. काडेपेटीएवढी वस्तू, आत सिम कार्ड. लसींच्या पेटीत ठेवली की दर काही मिनिटांनी तापमान ताईंच्या मोबाइलवर येई. घाटात रेंज गेली तर आकडे साठवून ठेवी आणि रेंज आली की पाठवी. तळहाताला ही सोय नव्हती, हे मला कळत होते आणि म्हणूनच ती वस्तू मला डोळ्यांसमोर नको होती.

चाचणीची पहिली पेटी सुरगाण्याकडे जायची होती. ही हकीकत पुढे प्रशिक्षणांत ‘सुरगाण्याची पेटी’ म्हणून सांगितली गेली आणि या ग्रंथातही दोघातिघांनी ती लिहिली असेल. ती पेटी कोणी भरली, हे मात्र कोणी लिहिलेले नसणार. ती मी भरली होती.

ताई चांदवडहून रोज एसटीने येत. त्या येण्याआधीच गाडी काढावी, पेटी नेहमीसारखी सुखरूप पोहोचावी आणि सेन्सरवाचून काही अडत नाही हे सिद्ध व्हावे, असा माझा बेत होता. द्वारकेच्या कोंडीत बस अडकेलच, असा मी हिशेब धरला. आता पेटी भरण्याची एक पद्धत आहे. बर्फाचे पॅक फ्रीजरमधून काढून टेबलावर मांडायचे, त्यांना घाम सुटू द्यायचा आणि कानाशी हलवून आत पाणी खळखळले की मगच पेटीत ठेवायचे. नाहीतर कडक बर्फाला टेकून लस गोठते. आमच्या काही लसी उष्णतेपेक्षा गोठण्याला जास्त भितात. गोठलेली बाटली वितळल्यावर दिसायला तशीच असते, पण तिचा भरवसा संपतो. हे मी शेकडो जणांना शिकवले होते. त्या दिवशी पॅक काढले आणि तसेच पेटीत रचले.

गाडी फाटकातून निघते न निघते तोच ताई समोर. त्यांनी हसतच पेटीत सेन्सर ठेवला आणि गाडी सोडली. वणी यायच्या आतच मोबाइल वाजला. तापमान शून्याच्या खाली गेले होते. ताईंनी चालकाला, आमच्या युसुफभाईंना, फोन करून गाडी परत बोलावली. भाई आले ते कुरकुरतच. “काय राव भाऊ, अर्धा रस्ता झालता. तिकडं बाया लेकरं घेऊन बसल्या आसतील. पेटी तर लय गार हाय, मग वांधा काय?”

वांधा काय होता ते मी पाहिले. पेटीतली एक बाटली आणि भांडारातली एक चांगली बाटली एकत्र हलवून टेबलावर ठेवली. चांगलीतले पाणी असायला हवे तसे गढूळच राहिले. माझ्या बाटलीत गाळ भराभर तळाला बसला आणि वर निवळ पाणी आले. ते निवळ पाणी त्या दिवशी लेकरांना टोचले गेले असते आणि आया निश्चिंत होऊन घरी गेल्या असत्या. ताई एवढेच म्हणाल्या, “भाऊ, दुसरी पेटी भरू या. पॅकला घाम सुटेपर्यंत मी चहा टाकते.” दुपारी लस सुरगाण्यात पोहोचली.

वरिष्ठांनी चौकशी केली तेव्हा मी दाराबाहेर उभा होतो. पेटी कोणी भरली, या प्रश्नावर ताई म्हणाल्या, “भांडाराने भरली, साहेब. भांडार आम्हा दोघांचं आहे.” पुढे सगळ्या पेट्यांत सेन्सर बसले, ताईंचे नाव झाले, व्याख्याने झाली, वर्तमानपत्रात फोटो आला. त्या फोटोत माझे कोपर आहे. प्रत्येक प्रशिक्षणात त्या सुरगाण्याची पेटी सांगत आणि मी मागच्या रांगेत बसून टाळ्या ऐकत असे. चूक माझी आणि शाल त्यांना, असे मनात येई. खरे सांगायचे तर त्यांच्या जागी मी असतो तर नाव सांगून मोकळा झालो असतो. मला हेवा सेन्सरचा नाही, शालीचा थोडा आहे. पण सर्वांत जास्त हेवा त्यांना गप्प बसता आले याचा आहे.

मोबाइलवर आकडे पाहायला मला जमेना, तेव्हा त्यांनी एका वहीत पायरीपायरीने, ठसठशीत अक्षरांत लिहून दिले. चष्म्याचा नंबर वाढलाय हे मी घरीही सांगितले नव्हते.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी मात्र राहवले नाही. एक प्रश्न मला वर्षानुवर्षे छळत होता. सेन्सर येण्याआधी माझ्या हातांनी इतक्या पेट्या गेल्या. मी विचारले, “ताई, त्या आधीच्या पेट्यांचं काय झालं असेल हो?”

त्या नोंदवही मिटत म्हणाल्या, “पॅकला घाम सुटल्याशिवाय तुम्ही कधी पेटी भरत नव्हता, भाऊ. युसुफभाईंनी सांगितलंय मला. घाई तुम्ही त्या एकाच दिवशी केलीत. माझ्या सेन्सरच्या आधी गाडी काढायची होती ना.”

म्हणजे त्यांना पहिल्यापासून सगळे ठाऊक होते, आणि तरी त्या इतकी वर्षे माझ्या शेजारी चहा टाकत राहिल्या.

मंगलताईंनी अजून पुष्कळ वर्षे जगावे, गुडघे-डोळे शाबूत ठेवून जगावे. त्यांच्या पंचाहत्तरीचा ग्रंथ निघेल तेव्हा मी असलो, तर दोन पाने माझी धरावीत. हेवा तोवर गेलेला असेल, असा शब्द मी देत नाही; पण त्या ग्रंथासाठी कोणाला माझी मनधरणी करावी लागणार नाही.