विहिरीचं पाणी आणि आयशा मॅडम

जुन्नरच्या बाजारात कल्हईचं दुकान चालवणाऱ्या निजामभाईंची थोरली लेक आयशा रसायनशास्त्र शिकली आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागली. आठ वर्षं झाली. पाण्याचा तिला कधी कंटाळा आला नाही, पण ते आणणाऱ्या माणसांनी तिचं डोकं पार उठवलं होतं. कुणी सरबताच्या बाटलीत नमुना आणी, कुणी तेलाच्या.

निरगुडसरच्या पलीकडच्या एका वाडीतून विहिरीचं पाणी आलं. नायट्रेट निघालं लिटरमागे अठ्ठ्याहत्तर मिलिग्रॅम, चालतं पंचेचाळीसपर्यंत. भोवतीच्या शेतांतलं खत झिरपत असणार. तिने पुन्हा नमुना मागवला. तो आला, तर नायट्रेट अवघं तीन आणि क्षार नावालाही नाहीत. वाडीत पाणी सोडणाऱ्या सुनीलला तिने फोन लावला.

"सुनीलभाऊ, हे पाणी कुठलं भरलंत?"

"हिरीचंच की, मॅडम."

"विहिरीला फिल्टर बसवलाय का?"

तो घुटमळला. "सरपंच म्हनले, रिपोर्ट चांगला आला पायजे. मंग इकतच्या फिल्टरच्या जारचं भरलं."

आयशाने कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी स्वतःच स्कूटर काढून गेली आणि पोहरा सोडून बाटली भरली. यंत्राने ऐंशी दाखवलं. विहिरीवर 'पिण्यास अयोग्य' असा लाल फलक लागला. वरच्या आळीतल्या बोअरचं पाणी चांगलं होतं, ते प्या, असं तिने लेखी कळवलं.

पंधरा दिवसांनी पाहायला गेली, तर फलकावर कुणाचं तरी धोतर वाळत होतं आणि शेजारच्या, त्याच विहिरीच्या मोटारीवर चालणाऱ्या नळावर कुशाबाई नावाची म्हातारी हंडा भरत होती.

"मावशी, हे पिऊ नका."

"वास न्हाई, रंग न्हाई, गोड लई हाय. तुमची मशीनच बिघडली असंल."

"घरात तान्हं मूल आहे?"

"नात हाय, समृद्धी. दोन म्हयन्यांची. पावडरचं दूध देतो, पानी चांगलं उकळून."

"उकळून यातलं नायट्रेट जात नाही, उलट वाढतं. तान्ह्या मुलांचे ओठ निळे पडतात यानं."

कुशाबाईने हंडा खाली ठेवला. "परवापास्नं जरा निळसरच दिसती. मला वाटलं, थंडी बाधली."

आयशाने पोरीला आणि तिच्या आईला स्कूटरवर घेऊन थेट मंचरचा दवाखाना गाठला. तीन दिवसांनी समृद्धी बरी होऊन घरी आली.

त्याच संध्याकाळी सरपंचांचा फोन. "मॅडम, पोरगी बरी झाली. आता तो फलक काढायचा का?"

"फलक राहू द्या, मोटार काढा," आयशा म्हणाली.

मोटार निघायला आणखी तीन आठवडे आणि चार पत्रं लागली.