पानाच्या तळाची भावकी

माझा धंदा काय, असं कुणी विचारलं की पंचाईत होते. लोकांच्या वेबसाइट सर्चमध्ये वर आणायच्या आणि वर टिकवायच्या, एवढंच मी करते, माधवनगरच्या घरात बसून. शेजारच्या काकूंनी यातून 'टायपिंगची कामं घेते' असा अर्थ काढला आहे आणि मी तो खोडायला गेलेले नाही.

वडूजकडचं एक कुटुंब माझं गिऱ्हाईक होतं. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेलं, आता निम्मं शेतीत, निम्मं धंद्यात. थोरल्या भावाकडे कळप अजून होता. तो मेंढ्या-बोकडांची विक्री करायचा. धाकट्याची लोणंदला कांद्याची आडत. मधला वारला होता. त्याची बायको, म्हणजे वहिनी, घरच्या मागांवर घोंगड्या विणायची आणि विकायची. तिघांच्या तीन वेबसाइट माझ्याच हातात. त्यातल्या दोन निव्वळ हौसेच्या. बोकड घ्यायला माणूस बाजारात जातो, आणि कांदा तर वेबसाइट नसली तरी विकला जातोच. वहिनींचं मात्र सगळं त्या वेबसाइटवरच चालायचं. पुण्या-बंगळुरूची माणसं घोंगडी शोधायची आणि पहिल्याच पानावर त्या सापडायच्या. माग त्यावर चालत होते, मुलींची शाळाही.

घोळ घातला थोरल्यांनी. धाकट्याची वेबसाइट त्यांनी एकदा सहज उघडली आणि मला फोन लावला.

"आवं ताई, ह्यात आमची नावं कुठं हायती?"

कांद्याच्या वेबसाइटवर तुमचं काय काम, असं मी विचारलं.

"लग्नपत्रिकेत समद्या भावकीची नावं घालतो का न्हाई आपन? एक ऱ्हायलं तरी मानूस मांडवात येत न्हाई."

यावर वाद घालून उपयोग नसतो. प्रत्येक वेबसाइटच्या प्रत्येक पानाच्या तळाशी बाकी दोघांच्या लिंक लागल्या. ते कळल्यावर मामेभावाची बोअरवेल आली, सांगलीच्या दाजींचं मंगल कार्यालय आलं, आणि दाजींचं घातलं म्हणून साडूंचा पोल्ट्री फार्म. त्याची वेबसाइटही मग माझ्याकडेच आली. त्यांनीही आपापल्या पानांवर या तिघांच्या लिंक घातल्या, कारण घेतलेला आहेर परत करायचाच असतो. यात धोका आहे हे मी दोनदोनदा सांगितलं. लय शिकलेली मानसं लय भ्यात्यात, असं उत्तर मिळालं.

सर्चची रीत लग्नघराच्या उलटी आहे. परक्या माणसानं तुमच्याकडे बोट दाखवलं तर तुमची पत वाढते. घरच्यांनीच एकमेकांकडे बोटं दाखवायला सुरुवात केली, तीही पानोपानी, की संशय येतो. वहिनींची वेबसाइट पहिल्या पानावरून घसरली ती जिथं कुणी फिरकत नाही तिथं जाऊन पडली. फोन थांबले. एक माग त्यांनी बंद ठेवला. थोरल्यांना मात्र कशाचा पत्ता नव्हता. त्यांचे बोकड विकले जात होते. मला त्यांचा भयंकर राग आला.

शेवटी मी वडूजला गेले. थोरल्यांच्या सोप्यात चहा झाला, वहिनीही आल्या होत्या. तळाच्या लिंक सगळ्या काढाव्या लागतील, मी सांगून टाकलं.

"म्हंजे तिला भावकीतनं काढायची?" थोरले म्हणाले. "भाऊ गेला आन् तिचं नाव बी पुसलं, असं गाव म्हनंल."

ही त्यांची काळजी खोटी नव्हती. मी म्हटलं, सगळंच तोडायला नको. जिथं खरंच देणंघेणं आहे तिथं, मजकुरात, एखादी लिंक चालते. घोंगडीची लोकर थोरल्यांच्याच कळपाची असणार. तसं वहिनींच्या पानावर लिहू आणि तिथं त्यांची लिंक देऊ.

थोरले चष्मा पुसायला लागले.

"लोकर मी इकत आनती," वहिनी म्हणाल्या, "फलटणकडनं. ह्ये गेल्यापासनं घरची लोकर येपाऱ्याकडं जाती." तक्रारीचा सूर नव्हता. विषय निघाला म्हणून त्यांनी सांगितलं, इतकंच.

थोरल्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "औंदाची लोकर तिच्याकडं जाईल. लिवा तुमी."

"आधी जाऊ द्या, मग लिहिते," मी जरा तोडूनच बोलले. त्यांना ते लागलं. लागू दे, म्हटलं.

तळाच्या लिंक काढल्या. भावकीत बोलणी झालीच. साडूंनी माझ्याकडचं काम काढून दुसऱ्या कुणाला दिलं. वहिनींची वेबसाइट वर आली, पण माझ्या अंदाजापेक्षा फार सावकाश. त्या काळात त्यांनी मला एकदाही घाई केली नाही.

कातरणी उरकल्यावर त्यांचा फोन आला. थोरल्यांनी स्वतः टेंपोतून पोती आणून उतरवली होती. सगळी काळी लोकर, निवडून घेतलेली. मला बरं वाटलं, खरंच फार बरं वाटलं. बोलता बोलताच मी त्यांचं पान उघडलं.

"मग आता लिहू ना," मी म्हटलं, "लोकर थोरल्या दिरांच्या कळपाची म्हणून?"

"आत्ता नगा लिवू," वहिनी म्हणाल्या. "लाजंकाजं एकदा कुनीबी देतंय. फुडल्या कातरनीला न सांगता आली, तर लिवा."