सहा महिन्यांची मुदत

सुरतेच्या कस्टम कचेरीत मी टायपिस्ट म्हणून लागले, तेव्हा बासष्ट सालचा कस्टमचा नवा कायदा येऊन दोन-तीन वर्षंच झाली होती. त्याचं पुस्तक मी वाचायला म्हणून कधी हातात घेतलं नाही. रोज तीच वाक्यं टाईप करून ती पाठ झाली. सबळ कारण असल्याशिवाय झडती घ्यायची नाही. झडतीआधी त्या माणसाला विचारायचं, तुला मोठ्या अधिकाऱ्यापुढे किंवा मॅजिस्ट्रेटपुढे नेऊ का. बाईची झडती बाईनेच घ्यायची. अटक केली तर कारण सांगायचं आणि वेळ न घालवता मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. जप्त मालाबद्दल सहा महिन्यांत नोटीस दिली नाही, तर तो ज्याच्याकडून घेतला त्याला परत करायचा.

मला हा कायदा आवडायचा. अधिकाऱ्यांच्या हातात एवढी सत्ता देऊन तिला इतक्या जागी गाठी मारणारा कोणीतरी शहाणा माणूस दिल्लीत बसला असावा, असं वाटायचं. कचेरीत बाई अधिकारी नव्हती, त्यामुळे बायकांच्या झडतीला मलाच बोलवत. मी खोलीचं दार आतून लावून घ्यायची, जेवढं बघायचं तेवढंच बघायची आणि बाहेर येऊन सही करायची. नियम पाळला की आपला हात स्वच्छ राहतो, अशी माझी समजूत होती.

आम्ही सुरतेलगत उधन्याला भाड्याने राहत होतो. यजमान बँकेत. मागच्या गल्लीत यंत्रमागांचे शेड आणि त्यांच्या कडेने कामगारांच्या खोल्या. त्यातल्या एका खोलीत धुळ्याकडचा एक जॉबर राहायचा. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा, कारागिरांवर देखरेख ठेवणारा. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा त्याच्या बायकोने चार महिने त्यांचं सगळं केलं. मी नोकरीवर, मुलं शाळेत. ती दुपारी येऊन त्यांना पुसायची, कूस बदलायची, भरवायची. मोबदल्याचा विषय काढला की ती उठून चालायला लागायची. "आजी काय फक्त तुमचीच आहे का?" म्हणायची.

त्यांची मुलगी सतरा-अठरा वर्षांची होती आणि तिचं शिरपूरकडे ठरलं होतं. मुलाकडच्यांनी जावयाला विलायती घड्याळ हवं असं सांगितलेलं. माझ्या कपाटात एक होतं. माझा भाऊ बोटीवर नोकरीला असताना त्याने आणलेलं, मुंबईच्या गोदीत रीतसर जकात भरून. घड्याळाचा नंबर लिहिलेली पावतीसुद्धा माझ्या ट्रंकेत होती. यजमानांच्या हाताला तो पट्टा सहन होत नव्हता, म्हणून ते वापरात नव्हतं. मी ते डबीसकट जॉबरच्या बायकोच्या हातात ठेवलं. पावती द्यायचं माझ्या डोक्यात आलं नाही. कस्टममध्ये नोकरी करून आलं नाही.

साखरपुड्याला जायला तो एकटाच सुरत स्टेशनवर गेला. बाकीचे आदल्या दिवशी पुढे गेले होते. त्या आठवड्यात डुमसच्या किनाऱ्यावर माल उतरल्याची खबर होती आणि स्टेशनवर आमची माणसं उभी होती. डबी त्याने धोतरात कमरेला खोचली होती, आणि दर दोन मिनिटांनी तो ती चाचपत होता. संशयाला तेवढं कारण पुरलं.

मला हे दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत कळलं. हेडक्लार्कने कागद माझ्या टेबलावर टाकले आणि म्हणाला, "लो बेन, तमारा गामवाळा." मराठी बोलणारा कोणीही पकडला गेला की तो माझा गाववाला व्हायचा, ही त्याची नेहमीची चेष्टा. कागद होते पंचनामा आणि जबाब. मला त्यांच्या टाईप केलेल्या प्रती काढायच्या होत्या.

पंचनाम्यात ते वाक्य होतंच, मॅजिस्ट्रेटपुढे नेऊ का असं विचारता इसमाने नकार दिला. ते वाक्य आमच्याकडे आधीच छापलेलं असायचं, खाली फक्त अंगठा किंवा सही घ्यायची. जबाबात लिहिलं होतं, की सदर घड्याळ मी स्टेशनबाहेर एका अनोळखी माणसाकडून विकत घेतलं, त्याचं नाव मला माहीत नाही.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. मग टाईप केलं.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, कस्टमच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला चालतो. घड्याळाच्या बाबतीत तर ते चोरटं नाही हे ज्याच्याकडे सापडलं त्यानेच सिद्ध करायचं असतं. हे दोन्ही मला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं. त्याला माहीत असण्याचं कारणही नव्हतं.

त्याच दिवशी त्याला मॅजिस्ट्रेटपुढे नेलं. मुदतीच्या आत. जामिनावर तो सुटला आणि संध्याकाळी मी त्याच्या खोलीवर गेले. तो भिंतीला टेकून बसला होता, बायको गावाहून परतली नव्हती.

"भाऊ, असं का सांगितलं तुम्ही? माझं नाव सांगायचं."

तो माझ्याकडे बघेना. "कचेरीमा बाईमाणूसनं नाव लेतस का कधी, ताई?" म्हणाला. मग मला समजेल असं बोलला. "चार पुरुष बसलेले. साहेब विचारतो, कोणी दिलं. मी म्हणू, अमक्याच्या बायकोनं दिलं? ते हसले असते. तुमच्याच कचेरीत हसले असते."

त्यांच्यात ही रीत पक्की होती. परक्या घरच्या बाईचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, सरकारदरबारी तर नाहीच. माझी लाज राखायला त्याने अनोळखी माणूस उभा केला होता.

दुसऱ्या दिवशी पावती घेऊन साहेबांकडे जायचं, असं मी ठरवलं आणि यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझी कायम होण्याची ऑर्डर याच महिन्यात आहे ना?"

"आहे."

"कस्टमच्या बाईने विलायती घड्याळ वाटलं, एवढंच लोक लक्षात ठेवतील. पावतीबिवती कोण वाचतो?"

"म्हणून गप्प बसू?"

"गप्प बस असं मी म्हटलं नाही. घाई करू नको म्हटलं."

त्यांच्यावर ढकलायचं नाही मला. जायचं असतं तर मी गेले असते. मी गेले नाही, कारण मला एक सोयीची वाट दिसली होती. आमच्या कचेरीत नोटिसा सहा महिन्यांत कधीच निघत नसत. फायली कपाटांवर चढत आणि तिथेच राहत. सहा महिने गेले की घड्याळ परत द्यावंच लागेल, कायद्याने, कोणाचंही नाव न घेता. मी जॉबरला तसं सांगितलं. मुलाकडचे म्हणत होते की चोरट्या मालाची सोयरीक आम्हाला नको. पण मुलाचा चुलता जरा समजूतदार होता. तो म्हणाला, सरकारने घड्याळ कागदासकट परत दिलं तर आमची काही हरकत नाही, लग्न मार्गशीर्षात करू. सगळं त्या एका कागदावर येऊन थांबलं.

"सहा महिने म्हणजे सहा महिने," मी त्याला सांगितलं. "त्यावर एक दिवस त्यांना ठेवता येत नाही."

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. कस्टममधली ताई सांगतेय म्हटल्यावर का ठेवू नये? वकिलाकडे जातो म्हणत होता, तेही मीच थांबवलं. उगाच फाईल हलेल, म्हटलं.

मी कायम झाले. पेढे वाटले. जॉबरच्या मागवाल्या शेटने त्याला काढून टाकलं. कस्टमचा माणूस एकदा चौकशीला आला तेवढंच निमित्त. मग तो सचिन गावाच्या रस्त्यावर एका रंगाऱ्याच्या कारखान्यात हौदावर लागला. हात कोपरापर्यंत निळे. माग जुळवणारा माणूस ओल्या कापडाचे गठ्ठे उचलत होता. रस्त्यात भेटला की एकच विचारायचा. "किती राहिले, ताई?" मी दिवस सांगायची. त्याची मुलगी घराबाहेर पडेनाशी झाली होती, आणि त्याच्या बायकोचं आमच्याकडे येणं हळूहळू थांबलं. सासूबाई विचारत, ती का येत नाही. काम असेल, म्हणायची मी.

भाद्रपदात, मुदत संपायला आठ दिवस उरले असताना, हेडक्लार्कने टाईप करायला एक यादी दिली. बावीस प्रकरणं होती. वर कस्टमच्या कलेक्टरसाहेबांना विनंती, की तपास अपूर्ण असल्याने या प्रकरणांत आणखी सहा महिन्यांची मुदतवाढ मिळावी. अकराव्या ओळीला जॉबर होता.

मी विचारलं, "यात तपास काय राहिलाय? एक घड्याळ आणि एक जबाब."

"बेन, बधामां आज लखाय छे." सगळ्यांत हेच लिहितात. मग माझा चेहरा बघून मराठीत म्हणाला, "कायद्यात आहे ना. पुरेसं कारण असेल तर कलेक्टर वाढवू शकतो. पुढची ओळ वाचली नाय तुम्ही?"

मी ती ओळ वाचली नव्हती. म्हणजे डोळ्यांखालून गेली असेल. मला हवी तिथे मी थांबले होते.

"आणि ज्याचा माल आहे त्याला विचारतात का, वाढवताना?"

"त्याला शुं पूछवानुं? माल तर आपल्याकडे आहे."

मी यादी टाईप केली, अकराव्या ओळीसकट. नंतर ट्रंकेतून पावती काढली आणि दुसऱ्या दिवशी सुपरिंटेंडेंट साहेबांपुढे ठेवली. सगळं सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी नंबर जुळवून बघितला, चष्मा काढला आणि दार लोटून घ्यायला सांगितलं.

"हे त्या दिवशी दिलं असतंत तर मी संध्याकाळी घड्याळ परत केलं असतं."

"आता द्या."

"आता काय होईल ऐका. त्याने सहीनिशी सांगितलंय, अनोळखी माणसाकडून घेतलं. तुम्ही म्हणता, मी दिलं. म्हणजे त्याने खोटा जबाब दिला, त्याचा वेगळा गुन्हा. आणि खोटा आहे हे ठाऊक असून तुम्ही तो टाईप केलात, सहा महिने बसलात. तुमची चौकशी. मला वर कळवावंच लागेल." त्यांनी पावती दोन बोटांनी माझ्याकडे सरकवली. "मी अजून काही बघितलेलं नाही. तुम्ही विचार करा."

मी पावती उचलली. ती उचलायला नको होती, हे तेव्हाही कळत होतं.

संध्याकाळी जॉबरच्या खोलीत गेले. मुदत वाढणार, हे आधी सांगितलं. मग पावती दाखवली, तुम्ही म्हणाल तर मी उद्या लेखी देते, म्हटलं. त्याची बायको चुलीपाशी पाठ करून बसली होती. ती वळली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"ही तुमच्याकडे तवापासून होती?"

"हो."

"तवापासून," ती नवऱ्याला म्हणाली, आणि परत चुलीकडे वळली.

तो जबाब बदलायला तयार झाला नाही. "आता मी खोटारडा ठरू का, ताई? चोर म्हणतातच. त्यात तुमची नोकरी जाईल. राहू द्या." मी आग्रह केला. फार वेळ नाही केला. आज मला वाटतं, एखाद्या बऱ्या वकिलाने ती पावती नीट मांडली असती तर तो सुटला असता. पण वकिलाची वेळ मीच घालवून बसले होते.

मुलाकडच्यांनी मार्गशीर्षाची वाट बघितली नाही, सोयरीक मोडली. नोटीस वाढीव मुदतीच्या आत निघाली, सुनावणी झाली, घड्याळ सरकारजमा झालं. कोर्टात त्याला कोणीतरी सल्ला दिला, कबूल कर, लवकर मोकळा होशील. त्याने कबूल केलं आणि महिनाभर आत गेला. मुलीला अमळनेरकडच्या एका बिजवराला दिलं. त्याची पहिली मुलं तिच्या पाठच्या भावाएवढी होती. लग्नाचं आम्हाला बोलावणं नव्हतं. शिक्षा भोगून आल्यावर त्यांनी खोली सोडली. कुठे गेले ते गल्लीत सगळ्यांना माहीत असावं. मला कोणी सांगितलं नाही.

या सगळ्यात कायदा कुठे मोडला, ते मी अनेकदा तपासून बघितलं. कुठेच मोडला नाही. झडतीला कारण होतं, पंच होते, अटकेनंतर मॅजिस्ट्रेट होता, मुदतवाढीला कलेक्टरची सही होती. प्रत्येक गाठ जागच्या जागी होती, आणि माणूस तिच्यातून आरपार गेला.

एकोणीसशे सत्तर साल उलटल्यावर वरून एक परिपत्रक आलं. कोर्टाचा निकाल लागला होता: यापुढे मुदत वाढवण्याआधी मालाच्या धन्याला कळवावं, त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं, नाहीतर वाढ धरली जाणार नाही. त्याच्या प्रती काढायला मला टाईपरायटरवर स्टेन्सिल कापायची होती. अर्ध्यात थांबून मी आत गेले आणि नव्या साहेबांना विचारलं, जुन्या प्रकरणांचं काय.

"किती जुनी?"

मी साल सांगितलं.

"अपील केलं होतं का मुदतीत?"

"नाही."

"मग संपलं ते," साहेब म्हणाले. "तुमच्या ओळखीचं कोणी होतं का?"

मी नाही म्हटलं.