रश्शाची पाणसळ

एर्मेलिंदाबाईंनी नासारिओ मिस्त्रीला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याचे फक्त पाय दिसले. शेजारच्या घराच्या जोत्याखालच्या भोकातून ते बाहेर आलेले होते. एका मोज्यातून अंगठा डोकावत होता.

"बाई, ती पाण्याची बाटली जरा सरकवता का?" पायांनी विचारलं.

बाईंनी बाटली पायांपाशी ठेवली.

"पायांनी कसा पिऊ?"

बाईंनी तिथल्या तिथे ठरवलं, आपल्या घराखाली शिरायला हाच माणूस हवा.

मेक्सिको शहर जुन्या तळ्याच्या गाळावर बसलेलं. तिथे घर कलणं म्हणजे माणसाचे केस पिकण्यासारखंच. पण बाईंचं घर जरा जास्तच पिकलं होतं. तीन महिन्यांत सरळ करा, नाहीतर खाली करा, अशी नोटीस दारावर लागली होती. बाई जन्मल्या त्याच घरात.

घराखाली जागा जेमतेम दीड वीत. मोठं यंत्र तिथे शिरणं शक्यच नव्हतं. नासारिओ उताणा होऊन शिरायचा. वीतभर लांबीच्या नळ्या एकीला एक जोडत गाळातून खाली कडक थरापर्यंत भोक पाडायचा, त्यात सळई आणि सिमेंट भरायचा. अशा चौदा खांबांवर जॅक लावून त्याने घर रोज नखभर उचललं. लोक त्याला घूस म्हणत. तो म्हणायचा, "घूस घर पोखरते. मी पोखरून परत उभं करतो."

एक गोष्ट मात्र त्याने बजावली होती. "बाई, सामानाखालच्या पाचरी काढा."

"त्या राहू देत."

बाईंचे दिवंगत यजमान एवारिस्तो घड्याळजी. कललेल्या घरात त्यांना वाकडं काही खपत नसे. खाट, टेबल, कपाट, सगळ्यांखाली त्यांनी स्वतः तासलेल्या पाचरी सारल्या होत्या. तसबिरीसुद्धा ओळंबा धरून, दोन-दोन स्क्रूंनी भिंतीत पक्क्या केल्या होत्या. घर सरळ झालं, आणि आतलं सगळं बिऱ्हाड दारू प्यायल्यासारखं पूर्वेकडे झुकलं.

मुदतीच्या दिवशी पालिकेचा इन्स्पेक्टर आला. दारातूनच त्याने कपाट पाहिलं, तसबिरी पाहिल्या, मान वाकडी केली.

"घर कललंय. खाली करा."

"साहेब, ओळंबा तरी लावा," बाई म्हणाल्या.

"मला डोळे आहेत."

स्वयंपाकघरातल्या फळ्या उचलून नासारिओ कमरेपर्यंत वर आला. "बाई, कोंबडीचा रस्सा झालाय ना? एक वाडगा भरून द्या."

"ही काय जेवायची वेळ आहे?"

"माझी नाही. साहेबांची."

त्याने वाडगा जमिनीवर ठेवला, अगदी काठोकाठ भरलेला. इन्स्पेक्टर ओणवा झाला. चारी बाजूंनी रस्सा काठाला सारखाच टेकलेला होता.

"ही आमची पाणसळ," नासारिओ म्हणाला. "कपाटाने खोटं सांगितलं असेल. रश्शाला काय पडलंय?"

इन्स्पेक्टर बराच वेळ ओणवाच राहिला. मग त्याने नोटीस खिशात घातली आणि लिंबू मागितलं.

तो गेल्यावर बाईंनी एकेक पाचर काढली, पदराने पुसावी तशी ॲप्रनने पुसली. "टाकवत नाहीत रे. तू ने."

त्या अकरा पाचरी आता शहराच्या इस्तापालापा भागात, नासारिओच्या खाटेखाली आहेत. त्याचं स्वतःचं घर चार बोटं पश्चिमेला कललेलं आहे.