कुलिकच्या बुडाखालचा बर्फ

सैबेरियातली लेना नदी गोठली की गावरिलचं काम सुरू व्हायचं. एकतीस हिवाळे तो गोठून बसलेल्या बोटींच्या बुडाखालचा बर्फ फोडत आला होता. दुरुस्तीसाठी बोटीच्या पंख्यापर्यंत खड्डा खणायचा, पण नदीचं पाणी आत येऊ द्यायचं नाही. तळाला वीतभर बर्फ ठेवून थांबायचं. थंडी खाली झिरपते, तळ जाड होतो. मग वरून चार बोटं थर काढायचा आणि पुन्हा थांबायचं. निम्मं काम थांबण्याचंच.

त्या वर्षी खड्डा ‘कुलिक’ या जुन्या टग बोटीखाली होता. तिच्यावर गावरिलच्या बायकोनं, मात्र्योनानं, एकोणीस उन्हाळे खलाशांना रांधून घातलं होतं. जानेवारीत मात्र्योना वारली. तिचा झारा बोटीच्या स्वयंपाकघरात खिळ्याला तसाच लटकत होता.

गोदीच्या साहेबानं सांगून ठेवलं होतं, "मार्चअखेर पंखा बसला तर बोट नदीत. नाहीतर भंगारात."

फेब्रुवारी सरत आला तेव्हा पंखा आणि त्याचा दांडा काढून झाले होते. दांड्याच्या भोकात लाकडी खुंटी ठोकली होती. सुकाणूची टाच, म्हणजे त्याचं खालचं टोक, मोकळी करायला अजून दोन थर काढायचे होते.

मात्र्योनाला जाऊन चाळीस दिवस भरले, त्या दिवशी तिच्या नावानं जेवण घालायचं म्हणून गावरिल घरी राहिला. धिरडी केली, शेजाऱ्यांना चहा पाजला. आदल्या रात्री थंडी नरमली होती आणि दिवसभर हिम पडलं. त्याचा जोडीदार स्पिरिदोनही जेवायला आला होता. खड्डा झाडायला कोणी गेलं नाही.

सकाळी तळावर गुडघाभर हिम होतं. दोघांनी ते झाडून काढलं. गावरिलनं कुऱ्हाड उचलली.

"ठेव ती खाली," स्पिरिदोन म्हणाला. "रात्रभर हिमाचं पांघरूण होतं त्याच्यावर, थंडी खाली उतरलीच नाही. तळ वाढलेला नाही. तीन दिवस थांब."

"एका दिवसाच्या हिमानं काय होतंय?"

"हे तू बोलतोस? मला पहिल्या वर्षी याच गोष्टीवरून फावडं फेकून मारलं होतंस."

"नेम चुकला होता, नाहीतर आज तोंड बंद असतं तुझं."

स्पिरिदोन हसला. "मग आज माझा नंबर. तीन दिवस, गावरिल."

"तीन-तीन दिवस करत मार्च जाईल. साहेब वाट बघत बसणार आहे का?"

त्यानं तळावर कुऱ्हाडीचा दांडा आपटून कान दिला. आवाज जरा बसका वाटला. टाचेजवळ बर्फ काळसर दिसत होता. बोटीची सावली असेल, असं त्यानं धरलं. आयुष्यात असं त्यानं कधी धरलं नव्हतं.

सातव्या घावाला पाणी आलं.

आधी बोटाएवढी धार, मग तळाचा तुकडाच वर उचलला गेला. दोघं शिडीवर चढेपर्यंत पाणी कमरेला लागलं. खुंटी निसटली. इंजिनाच्या खोलीत पाणी शिरताना गावरिल वर उभा राहून ऐकत होता. पंप आला तोवर खोली अर्धी भरली होती, आणि थंडी पुन्हा उणे चाळीसावर गेली होती; पंपाची नळी दगड झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी आतलं पाणी गोठून इंजिन उभं चिरलं. चिरल्याचा आवाज काठापर्यंत आला.

साहेब रागावला नाही. वहीत कुलिकच्या नावावर रेघ ओढली. रागावला असता तर गावरिलला बरं वाटलं असतं.

शेजारच्या बोटीला धक्का न लावता भंगार ओढून काढायचं, तर कुलिकभोवतीचा बर्फ आधी फोडायला हवा होता. ते काम गावरिलनं मागून घेतलं. पाणी पुन्हा गोठलं होतं. त्यानं वरून पहिला थर काढला, मग दुसरा. तळाला वीतभर राहिलं तेव्हा कुऱ्हाड टेकवून ठेवली आणि झाडू घेतला.

"आता काय?" स्पिरिदोननं विचारलं.

"तीन दिवस."

"अरे, भंगारात चाललीय ती."

गावरिल सुकाणूच्या टाचेजवळचं हिम झाडत राहिला. अंधारून दिसेनासं झालं तरी झाडत होता.

"ये वर," स्पिरिदोन हळू म्हणाला. "चहा निवतोय."

"तू पी. मी हे एवढं करतो."

स्पिरिदोननं चहा वरच ठेवला. मग खाली उतरला आणि दुसरा झाडू घेऊन पलीकडच्या कोपऱ्यातून झाडू लागला.