नीस, मोनाको, मांतों आणि ग्रेसमावशी

चार माणसं एकत्र दिसली की ग्रेसमावशी ती मोजायच्या. आमच्याकडे जेवायला आल्या की दारातच त्यांची तर्जनी कमरेजवळ बारीक हलायची, ओठ पुटपुटायचे आणि "चार. सगळे आहेत," असं स्वतःशी म्हणून त्या चपला काढायच्या. एकदा सुपरमार्केटमध्ये टॉयलेट पेपरसाठी लागलेली अख्खी रांग त्यांनी मोजली आणि पुढच्या धिप्पाड खाणकामगाराला बजावलं, "यू आर नंबर नाइन. डोन्ट गेट लॉस्ट." तो बिचारा "नो वरीज, लव्ह" म्हणाला आणि खरंच जागचा हलला नाही.

ही सवय बावीस वर्षांची होती. वसईच्या ग्रेसमावशी मुंबईतल्या एका टूर कंपनीत टूर मॅनेजर होत्या. वर्षातले सहा महिने त्या मराठी मंडळींचे ग्रुप घेऊन युरोपात फिरायच्या. त्यातही त्यांची हातखंडा सहल एकच, भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरची, एका दिवसाची. सकाळी नीस, मग व्हिलफ्रांश, एझ, मोनाको, मांतों आणि दिवे लागायच्या आत सीमेपलीकडचं सानरेमो. "सहा गावं, तीन देश, चार टॉयलेट स्टॉप," असं त्या एका दमात सांगायच्या. टॉयलेट स्टॉप सांगताना आवाज किंचित चढायचा.

कोविडच्या पहिल्या वर्षी मार्चमध्ये त्या तीन आठवड्यांसाठी ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला आल्या. त्यांची मुलगी शेरन इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, आमच्या शेजारच्याच घरात राहणारी. मी इथल्या सोन्याच्या खाणीत इंजिनिअर. मावशी उतरल्या आणि विमानं बंद झाली. पहिलं वर्ष विमानं नव्हती म्हणून गेलं. दुसऱ्या वर्षी भारतातल्या बातम्या बघून शेरनने त्यांना जाऊ दिलं नाही. जन्म समुद्रकाठी गेलेली ही बाई अशा गावात अडकली जिथून जवळचा समुद्र चार तासांवर, चोहीकडे लाल माती आणि पाणीसुद्धा पर्थकडून नळाने येतं. पहिल्याच दिवशी मी त्यांना गावातला मुख्य रस्ता दाखवला. त्यांनी दोन्ही बाजूंना नजर टाकली आणि पसंतीची मान हलवली. "रुंद आहे. दोन कोच बस आरामात वळतील."

"पाच मिनिटं म्हणजे सहा नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. माझी बायको मृणाल एरवी कुठेही निघायला अर्धा तास लावते. मावशींबरोबर बाजारात जायचं असलं की ती आधीच पर्स घेऊन फाटकात उभी असायची. "मला त्यांची भीती नाही वाटत रे," ती म्हणायची, "पण त्या घड्याळाकडे बघून नुसतं हसतात ना, ते सहन होत नाही."

माझे बाबा तेव्हा पुण्यात एकटे होते. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. महाराष्ट्राबाहेर फार तर दोनदा गेला असेल. निवृत्तीनंतर बारा वर्षांनी आईने हट्टाने दोघांची युरोपची सहल ठरवली होती. व्हिसा आला आणि पुढच्याच आठवड्यात, फेब्रुवारीत, आई झोपेतच गेली. मी पुण्याला जाऊन तेरावं करून परतलो आणि पंधरा दिवसांत सीमा बंद झाल्या. त्यानंतर बाबांचा फोन म्हणजे तीन शब्द. "बराय. जेवलो. ठेवतो." जेवलो म्हणजे काय जेवलो, हे विचारायच्या आत फोन बंद. मृणालने विचारलं, मी विचारलं, बहिणीने अमेरिकेतून विचारलं. तेच तीन शब्द. मला खाणीत काम करताना मध्येच वाटायचं की आज रात्री बाबांना काही झालं तर मी काय करणार आहे?

हे मी एकदा मावशींना सांगितलं. मला वाटलं त्या हळहळतील. त्यांनी विचारलं, "व्हिसा झाला होता?"

"झाला होता."

"दोघांचा?"

"हो."

"मग त्यांना न्यायलाच हवं," मावशी म्हणाल्या. "कागदपत्रं पूर्ण असलेला पॅसेंजर मी मागे ठेवत नाही."

आणि खरोखरच त्यांनी ऑगस्टमधल्या एका रविवारी झूमवर सहल काढली. सोबतीला ठाण्याचे करमरकर पती-पत्नी घेतले. हे त्यांचे जुने पॅसेंजर, ही सहल एकदा प्रत्यक्ष करून आलेले. फोटो दाखवायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मी ड्रायव्हर. बाबांना मी इतकंच सांगितलं होतं की शेजारच्या मावशी फोन करतील.

रविवारी पुण्यात सकाळी सातला बाबांचा फोन वाजला. "सर, गुड मॉर्निंग. वेक-अप कॉल. आठला नाश्ता, पावणेदहाला लॉबीत जमायचं."

"कसली लॉबी?"

"तुमचा हॉल. आणि चालण्याचे बूट घाला, चपला चालणार नाहीत. एक लिंबू आणि एक बेसनाचं धिरडं जवळ ठेवा."

दोन मिनिटांत बाबांनी मला फोन लावला. "नितीन, ही बाई कोण आहे? मला घरात बूट घालायला सांगते. धिरडं कर म्हणते. मला येतं का धिरडं?"

"त्यांनाच विचारा ना कसं करायचं," मी म्हणालो आणि या खेपेला मीच फोन ठेवला.

पावणेदहाला बाबा स्क्रीनवर आले ते इस्त्रीच्या शर्टात. दाढी केलेली. मी त्यांना सहा महिन्यांनी दाढी केलेलं बघत होतो. पुढ्यात ताटलीत धिरड्याचे चार तुकडे. पहिलं तव्याला चिकटलं होतं, असं त्यांनी न विचारता सांगितलं. करमरकर सात मिनिटं उशिरा आले.

"लिंक सापडत नव्हती," ते म्हणाले.

"मोनाकोला पण उशिरा येणारे तुम्हीच होतात," मावशी म्हणाल्या. करमरकर वहिनी मागून म्हणाल्या, "ते तसेच आहेत हो. यंदा तर फक्त बेडरूममधून यायचं होतं."

मावशींनी डोकी मोजली आणि कोच निघाला. नीसचा फुलबाजार आला, रंगीत छत्र्या आल्या, खड्यांचा किनारा आला. "आता धिरडं तोंडात घाला. याला इथे सोक्का म्हणतात. चण्याचं पीठ, ऑलिव्हचं तेल. आपलंच धिरडं, मिरची विसरलेलं." सगळे चावत असताना बाबांनी हात वर केला.

"मॅडम, हा समुद्र इतका निळा का, हे तुम्ही सांगितलं नाहीत."

"सर, निळा आहे म्हणून निळा."

"तसं नसतं. मोठ्या नद्या कमी, गाळ कमी, प्लवक म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव कमी. म्हणून पाणी स्वच्छ."

"बावीस वर्षांत मला हे एकानेही विचारलं नाही."

"माझ्या वर्गात विचारलं असतं."

"तुमच्या वर्गात टॉयलेट स्टॉप होता?"

बाबा हरले नव्हते. पुढचा मुद्दा जुळवत होते. व्हिलफ्रांशला घरांच्या पोटातून जाणारी सातशे वर्षांपूर्वीची अंधारी गल्ली आली, तेव्हा त्यांनी दगड कोणता विचारला. मावशी म्हणाल्या, "जुना."

मग एझ आलं. समुद्राच्या डोक्यावर, कड्याच्या टोकाला बसलेलं दगडी गाव. मावशी सांगत होत्या की इथे कोच खाली थांबतो, वर पायीच जायचं, चढ तीव्र आहे, वर निवडुंगांची बाग आहे. मी फोटो पुढे सरकवले.

"आणि वरून काय दिसतं?" बाबांनी विचारलं.

मावशी एवढ्या वेळात पहिल्यांदाच अडल्या. "मला माहीत नाही, सर."

"म्हणजे?"

"मी वर गेलेच नाही कधी. प्रत्येक ग्रुपमध्ये एक-दोघी असतात ज्यांना चढवत नाही. त्यांना परदेशात एकटं कसं सोडायचं? मी त्यांच्याबरोबर खाली बसते. बागेचे फोटो पॅसेंजर लोकांनी पाठवलेत."

करमरकरांनी चष्मा पुसला. माझं बोट माऊसवर तसंच राहिलं. बाबा ताटलीतलं लिंबू हातात घेऊन फिरवत होते.

"माझ्या मिसेसचे गुडघे गेले होते," ते म्हणाले. "ती वर चढलीच नसती. तुमच्याबरोबर खाली बसली असती."

"बसल्या असत्या ना. सावलीत बाक आहे."

"काय केलं असतं हो तुम्ही दोघींनी तासभर?"

"सरबत घेतलं असतं आणि नवऱ्यांना नावं ठेवली असती."

बाबा हसले. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग त्यांनी तोंडावर रुमाल धरला आणि रुमाल बराच वेळ तिथेच राहिला. "पुष्कळ होतं तिच्याकडे," ते रुमालाआडून म्हणाले. "तासभर पुरला नसता तुम्हाला."

मोनाको झाल्यावर मांतों आलं, लिंबांचं गाव. मावशींनी जाहीर केलं, "मांतों सर घेतील." बाबांनी लिंबू वर धरलं आणि पाठीमागचे डोंगर उत्तरेचे गार वारे कसे अडवतात, म्हणून त्या चिंचोळ्या पट्ट्यात लिंबू कसं पिकतं, हे सगळं सांगितलं. आवाज थेट शाळेतला. पुढे म्हणाले, "आणि नितीन, तुमच्याकडे पर्थलाही हेच हवामान आहे. इतकी वर्षं त्या भागात राहतोयस, लक्षात आलंय का?" मला आलं नव्हतं. मृणाल टेबलाखालून माझा हात दाबत होती.

शेवटी मावशींनी सगळ्यांकडून अभिप्राय मागवले. बाबांनी कागदावर लिहून, फोटो काढून पाठवला. "व्यवस्था चोख. गाईड उत्तम. भूगोल कच्चा." मावशींनी तो छापून फ्रिजवर लावला आणि आठवडाभर धुसफुसत राहिल्या. पुढच्या शनिवारी मात्र बाबांचाच फोन आला. "उद्या कुठे जायचंय, विचार त्यांना. मला वाचून यावं लागतं." मग पुढे जेनोआ झालं, माल्टा झालं, डुब्रोव्हनिक झालं. बाबा सोसायटीच्या बागेत जाऊ लागले आणि तिथल्या दोन म्हाताऱ्यांनाही त्यांनी सहलीत भरती केलं. शब्द तिनाचे तीस झाले, तिसांचा अर्धा तास. मृणाल म्हणाली, "आता मलाच फोन ठेवावा लागतो."

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मावशींना परतीचं तिकीट मिळालं. कालगुर्लीचा विमानतळ लहान. प्रवासी चालतच विमानापर्यंत जातात आणि पोचवायला आलेले तारेच्या कुंपणाशी उभे राहतात. शेरन ड्यूटीवरून थेट आली होती. मावशी तिला फ्रिजमधल्या डब्यांबद्दल सांगत होत्या आणि ती "मम्मी, गो ना, यू विल मिस इट," म्हणत त्यांना आत ढकलत होती. मावशी आत गेल्या तशी ती कुंपणाला टेकली.

"मी सहा वर्षांची असल्यापासून ती दर एप्रिलला जायची," शेरन मला म्हणाली. "मला आंटीकडे ठेवून. मी टाटा करायला कधीच बाहेर यायचे नाही. बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसायचे."

"रागाने?"

"नाही रे. मला वाटायचं मी बाय केलंच नाही, तर ती जाऊच शकणार नाही." ती हसली. "शी ऑलवेज वेंट. रिक्षावाला हॉर्न मारायचा ना. माझ्या सहाव्या वर्षापासून आजपर्यंत आम्ही सलग इतके दिवस कधी एका घरात राहिलो नव्हतो."

मावशी विमानाच्या पायऱ्या चढत होत्या. हॉस्पिटलात कोणाशी मोठ्याने न बोलणारी शेरन एकदम टाचा उंचावून उभी राहिली आणि दोन्ही हात वर करून ओरडली, "मम्मी, टाटा!" आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. मावशींनी पायरीवर थांबून पिशवी खाली ठेवली आणि त्याही दोन्ही हात हलवायला लागल्या. मागचा माणूस निमूट उभा राहिला.

दार लागलं, पंखे फिरायला लागले, तरी शेरनचे हात खाली आले नव्हते.