सोड म्हणलं तरी सोडंना

बायको गेली तवा दहाव्याला जमलेले लोक म्हणाले, नशीबवान, कुंकवासकट गेली. मी म्हणलं, मरायचं कसलं आलंय नशीब?  मग एकजण हळूच म्हणाला, लय गरीब बाई होती, नवऱ्यानं ठेवलं तशी राहिली. हे मात्र मला सोसलं न्हाई. मी तिला काय ठेवलं? तीच राहिली. माझी शाळा चौथीपर्यंतची, म्हणून सरळच लिहितो. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

येलदरीच्या धरणाचं काम सुरू होतं आन मी तिथं एका ठेकेदाराची पिकप चालवायचो. लढाईत वापरून लिलावात काढलेली गाडी. लगीन होऊन दोनच उन्हाळे झाले होते. सासरवाडी झरीची, शेतीवाले लोक. माझ्याकडं ढेकळाएवढी जमीन न्हाई. जावई मोटारीवर हाय हे सांगायची त्यांना लाज वाटायची.

त्या गाडीचं कारबोरेटर फुटलं. पेट्रोल आन हवा मिसळून इंजनाला पाजायचं जे भांडं असतं ना, त्याला तडा गेला. ठेकेदार म्हणाला, "बाजारच्या दिवसापर्यंत चालू झाली तर झाली, न्हाईतर भंगारात. मग तुझं बी इथं काम न्हाई. खोपट रिकामं कर."

परभणीला जाऊन मी एका मोडक्या जीपचं कारबोरेटर आणलं. भोकं जुळंनात. पत्रा कापला, कानशीनं घासला, मधी पट्टी घालून दोन्हीकडनं पुठ्ठा लावला. बसलं. पण नुस्तं बसलं. हँडल मारलं की इंजन सुरू व्हायचं आन रेस सोडली की मरायचं.

बाजारच्या दिवशी सकाळीच तिचा थोरला भाऊ आला. पाणीसुद्धा प्यायला न्हाई.

"दाजी, हिला घेऊन चाललो. तुमची सोय लागली की या न्यायला."

ही सोय मला ठावूक होती. अशा माहेरी गेलेल्या बाया मी पाह्यल्या होत्या. नवरा न्यायला जातो, ओट्यावर चहा पितो, एकटाच माघारी येतो.

म्हणलं, "आन गाडी चालू झाली तर?"

"दुसऱ्याचं काळीज बसवून कुणी जगतं का? करा, बघू."

क्लीनर तर कधीच दुसऱ्या गाडीवर गेला होता. एकट्याचं ते काम न्हाई. एक माणूस कारबोरेटरच्या पेचावर लागतो, एक एक्सलेटरवर. मी तिला म्हणलं, "चल, बस वर. दाब म्हणलं की दाबायचं, सोड म्हणलं की सोडायचं."

डायवरच्या शिटावर बाई! समोरच्या हाटेलातले लोक चहा टाकून उठून आले. एकजण ओरडला, "आता दसऱ्याला हिच्याच गळ्यात हार घाला रे!"

भाऊ म्हणाला, "खाली उतर. लोक हसायलेत."

"हसू दे. दात त्यांचेच दिसतेत."

मी पेच फिरवला, हँडल मारलं. इंजन सुरू झालं.

"दाब!"

दाबलं. इंजन ओरडलं.

"सोड!"

सोडलं. फट फट केलं आन मेलं. परत पेच, परत हँडल, परत तेच. दर खेपेला भाऊ चपला घालून उभा राहायचा. माझ्या अंगाचं पाणी पाणी झालं. चौथ्या खेपेला म्हणलं, "सोड!" सोडंना.

"अगं सोड!"

"न्हाई सोडत!"

"सोड म्हणायलोय ना तुला!"

लोक पोट धरून हसायले. "भर रस्त्यात सोडचिठ्ठी द्यायलाय गा हा!"

भाऊ पुढं आला. "ऐकलं? नवराच सोड म्हणतोय. चल."

तिनं खिडकीतनं मुंडकं बाहेर काढलं. माझ्याकडं बघून म्हणाली, "मी सोडलं की मरायलीय ती. तुमी आधी तिला जित्ती ठेवा, मग मी सोडते. तवर कुणी बी येऊ द्या, पाय काढणार न्हाई."

राग आला. पण पेचाला हात लावला आन ध्यानात आलं. मी खुळा, इंजन मेल्यावर पेच फिरवत होतो. फिरवायचा तो जित्तेपणी. म्हणलं, "बरं. जरा हलकं कर. अजून जरा." ती पाय हलका करायली तसा मी रेसचा पेच आवळत गेलो, हवेचा ढिला करत गेलो. मागचा काळा धूर पातळ झाला. धडधड एका चालीत आली.

"आता सोड."

तिनं पाय उचलला. उचलला तो वर घेऊन शिटावर चक्क मांडीच घातली. इंजन चालूच. हाटेलातले चहाकडं वळले.

भाऊ म्हणाला, "वाटंतल्या धक्क्यानं बंद पडंल ही."

ठेकेदाराचा माल आणायला मला परभणीला जायचंच होतं, झरी वाटेवरच. ती डायवरची जागा सोडून शेजारी सरकली आन भावाला म्हणाली, "दादा, हे तुला घरापर्यंत सोडतेत. येतूस का सर्विस मोटारीची वाट बघत बसतूस?"

तो मागं रिकाम्या पोत्यांवर बसला. पुढं अजून एक माणूस मावला असता. तिनं जागा दिली न्हाई.